झर्गची हॅचरी नक्की कितीला पडते?

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री १:४०)

माळा आवरताना होस्टेलची वही सापडली. पुढून थर्मोडायनॅमिक्स, मागून 'स्टारक्राफ्ट'. मागच्या पानांवर माझ्याच गिचमिड अक्षरात बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय कधी बांधायचं त्याच्या याद्या, लिहिलेल्या. एका ओळीत 'हॅचरी – ३००' असं होतं, ते खोडून शेजारी लाल पेनाने '३५०!!!' केलेलं. तीन उद्गारचिन्हं. त्या रात्री कोणाकडून तरी सडकून मार खाल्ला असणार.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टारक्राफ्ट हा १९९८ सालचा कॉम्प्युटरवरचा युद्धाचा खेळ, 'ब्रूड वॉर' हा पुढचा भागही त्याच वर्षअखेरचा. तीन जमाती. टेरन म्हणजे आपल्यासारखी माणसं, लोखंड आणि वेल्डिंगवाली. प्रोटॉस म्हणजे प्रगत, धीरगंभीर परग्रहवासी. आणि झर्ग म्हणजे किडे. झर्गकडे कारखाना नाही, यंत्र नाही, स्क्रूसुद्धा नाही. त्यांच्या इमारती मांसाच्या असतात. हॅचरी, म्हणजे त्यांची मुख्य इमारत, धापा टाकल्यासारखी वरखाली होते, स्पॉनिंग पूलमध्ये हिरवं काहीतरी बुडबुडतं, आणि खालची जमीन जांभळट चिकट क्रीपने माखलेली असते.

पण मला दिसण्याबद्दल बोलायचं नाहीये. टेरनचा कामगार इमारत पूर्ण होईपर्यंत तिथे ठोकत बसतो, मग खाणीवर परत जातो. प्रोटॉसचा कामगार नुसती खूण करून निघून जातो, इमारत आपोआप अवतरते. झर्गचा कामगार, म्हणजे ड्रोन, मात्र स्वतःच इमारत होतो. जमिनीवर बसतो, कोष विणतो, आणि संपला. घर बांधायला गवंडी लागतो हे आपल्याला माहीत आहे. इथे गवंडीच घर होतो.

म्हणून हॅचरी ३०० मिनरलना (खाणीतून काढायचं, खेळातलं चलन) पडत नाही. ड्रोनचे ५० धरले की ३५०. आणि तो ड्रोन जगला असता तर प्रत्येक खेपेला ८ मिनरल आणत राहिला असता, तेही बुडाले. शिवाय तो ज्या अळीतून निघाला ती अळीही गेली, त्यातून झर्गलिंग या छोट्या सैनिकांची जोडी निघाली असती.

तर प्रश्न असा, की इतक्या महागाची इमारत घेऊन झर्ग जिंकतो कसा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मी रात्रपाळीला आहे, सकाळी सहापर्यंत जागाच आहे.

अर्धा_चहा (१:५२)

वाखुसा (वाचनखूण साठवली).

घाटमाथा (२:१०)

आलास का परत रडगाणं घेऊन. टेरनची मुख्य इमारत, कमांड सेंटर, ४०० ला येतं रे बाबा. तुझे ३५० मान्य केले तरी तू पन्नासने स्वस्तातच आहेस. बांधायला वेळ दोघांनाही सारखाच. वर तुझी हॅचरी जखमी झाली तर आपली आपण भरून येते. माझी इमारत तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेली की पेट घेते आणि मी आगीकडे बघत बसलो तर जळून खाक होते. वेल्डिंगला माणूस पाठवावा लागतो, त्याचेही पैसे लागतात. तुझ्याकडे म्हणे जखम भरते. फुकट.

ड्रोन मेला म्हणून गळा काढणाऱ्यांनी आमच्या पेटत्या बराकींकडेही पाहावं.

रात्रपाळी (२:३१)

@घाटमाथा, तू अजून तसाच आहेस, बरं वाटलं.

पण ४०० आणि ३५० ची तुलना चुकते. तुझं कमांड सेंटर कामगार काढतं, एकामागून एक, न थांबता. सैनिक बराकीतून येतात. म्हणजे दोन नळ वेगळे. माझ्याकडे एकच नळ. हॅचरी ठरावीक वेळाने एक अळी देते, तीन साठल्या की थांबते. त्याच अळीतून ड्रोन काढायचा की झर्गलिंग की म्युटालिस्क, हे मी ठरवायचं. ड्रोन काढला तर सैन्य कमी, सैन्य काढलं तर खाण रिकामी. आणि त्यातलाच एक ड्रोन उचलून इमारत केली, तर आधी खर्चलेली अळी मातीत. माफ कर, क्रीपमध्ये.

म्हणून तर ब्रूड वॉरमध्ये झर्गवाले घराच्या अंगणातच दुसरी, तिसरी हॅचरी टाकतात. जवळ खाण नसली तरी. अळ्या हव्यात म्हणून. तुला बराकी वाढवाव्या लागतात तशा मला हॅचऱ्या.

घाटमाथा (२:३८)

मग तक्रार काय आहे नक्की? नळ कमी आहेत की गवंडी मेला?

रात्रपाळी (२:४०)

दोन्ही.

लिमलेट (सकाळी ८:०५)

मी तुमच्या पुढच्या पिढीतली, स्टारक्राफ्ट टू वाली. २०१० चा तो, मी हातात घेतला २०१७ नंतर, फुकट झाल्यावर. त्यामुळे ब्रूड वॉरवर बोलायचा अधिकार नाही, पण अळ्यांबद्दल बोलते.

आमच्याकडे राणी असते. हॅचरीतूनच निघते, अळी लागत नाही. २५ ऊर्जा घालवून ती हॅचरीत जादा अळ्या घालते. म्हणजे रात्रपाळी म्हणतायत तो नळ आम्ही पिळून मोठा करतो. पण तीच २५ ऊर्जा खर्चून राणी क्रीप ट्यूमरही लावू शकते. ट्यूमर म्हणजे क्रीपची गाठ. ती आजूबाजूला क्रीप पसरवते आणि थोडं पुढे आणखी एक गाठ लावते, एकदाच. मग ती नवी गाठ पुढची लावते. असं करत करत अर्धा नकाशा जांभळा.

याचा उपयोग शोभेपुरता नाही. क्रीपवर आमचं सैन्य साधारण ३० टक्के जास्त वेगाने पळतं आणि क्रीप जिथवर पोचलंय तिथवर दिसतं. फिनलंडचा सेराल २०१८ मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकला, कोरियाबाहेरचा पहिलाच. त्याचे सामने पाहा. लढाईपेक्षा मधल्या काळात तो काय करतो ते पाहा. सैन्य समोरासमोर उभं असताना हा मागे जाऊन एकेक गाठ पुढे सरकवतोय. आजी अंगण सारवते तसं, कोपरा न सोडता.

आणि हो, तुमचा सनकन कॉलनी (राखणीची इमारत) जागेवर रुजलेला असायचा ना? आमचा स्पाइन क्रॉलर मुळं उपटून चालत दुसरीकडे जातो. इमारत पाडली तर आतून ब्रूडलिंग नावाचे छोटे किडे बाहेर पडून पाडणाऱ्यालाच चावतात. एकूण आमच्या इमारती तुमच्यापेक्षा जास्त जिवंत आहेत.

ड्रोन मात्र मरतोच. त्यात बदल नाही.

काकूंचा_माऊस (८:४७)

नाव वाचून धागा उघडला. हॅचरी म्हटल्यावर मला वाटलं कुक्कुटपालनाचा आहे! आमच्या सासरी पोल्ट्री आहे. गावात कोणीही 'उबवणी केंद्र' म्हणत नाही, तो शब्द फक्त सरकारी पाटीवर. सगळे 'हॅचरी'च म्हणतात. "हॅचरीतून पिल्लं आली का?" त्यामुळे तुमचा हा शब्द तरी अस्सल मराठी आहे हो.

मुलाला विचारून बाकीच्यांची बारशी करायला घेतली. स्पॉनिंग पूलसाठी माझी सूचना: मत्स्यजिरे कुंड. हसू नका. माशांची अगदी नवी पैदास, जिऱ्याएवढी, तिला मत्स्यव्यवसायवाले मत्स्यजिरे म्हणतात. मग वाढली की मत्स्यबीज, आणि बोटाएवढी झाली की मत्स्यबोटुकली. झर्गलिंगला बोटुकली म्हणायला हरकत नाही, मुलाच्या मते ते तेवढेच चावरे असतात.

क्रीपला 'साय' कसं वाटतं? जांभळी साय.

अर्धा_चहा (८:५५)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "बोटुकल्या आल्या रे बोटुकल्या, बंकर लाव!"

घाटमाथा (९:०२)

आता साय घातलेला चहा पिताना मला क्रीप आठवणार. काकू, तुमचा निषेध.

वाळवी (दुपारी १२:२०)

मी कीटकशास्त्र शिकवते, त्यामुळे या धाग्यापासून लांब राहणं जमत नाहीये.

झर्गच्या इमारतींना लोक सर्रास वारूळ म्हणतात. वारूळ माती, लाळ आणि विष्ठेचं असतं. वाळवी बांधते आणि बाजूला होते, म्हणजे ती तुमच्या टेरनसारखी झाली. माझ्या नावाला जागून एवढं स्पष्ट करणं भाग होतं.

गवंडीच घर होतो याचं खरं उदाहरण मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या सैनिकी मुंग्यांचं. त्या घर बांधतच नाहीत. मुक्कामाला थांबल्या की काही लाख मुंग्या पायांच्या टोकाच्या आकड्यांनी एकमेकींना धरून लटकतात आणि एक मोठा लोंबता गोळा तयार होतो. भिंती मुंग्यांच्या, छत मुंग्यांचं, वाटाही मुंग्यांच्या. मधोमध राणी आणि अळ्या. गरम झालं की भिंत सैल होते, गार पडलं की घट्ट होते. आणि गंमत म्हणजे हा मुक्काम किती दिवस एका जागी राहणार हे अळ्यांवर ठरतं. साधारण तीन आठवडे एकाच जागी, तेव्हा अळ्या कोषात असतात. मग नव्या अळ्या भुकेल्या झाल्या की दोनेक आठवडे रोज नवी शिकार आणि बहुतेक रोज नवा मुक्काम. रात्रपाळींचा 'एकच नळ' सिद्धांत मला म्हणून पटला. अळ्याच सगळं ठरवतात.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर आंब्याच्या झाडावर चढलेल्या कोणालाही विचारा. ओंबील! त्या तांबड्या मुंग्या पानं ओढून जवळ आणतात, एकीने दुसरीच्या कमरेला धरून साखळी करतात, आणि मग एक मुंगी आपलीच अळी तोंडात धरून येते. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. मुंगी तिला या पानाला टेकवते, त्या पानाला टेकवते, परत या पानाला. डिंकाची नळी फिरवावी तशी. अळी रेशीम देते ते खरं तर स्वतःच्या कोषासाठी असतं. ते घराला लागलं, म्हणून या जातीच्या अळ्या स्वतःसाठी कोष करतच नाहीत.

फरक एकच. माझ्या मुंग्या सकाळी हात सोडतात आणि पुन्हा मुंग्या होतात. तुमचा ड्रोन परत येत नाही ना?

रात्रपाळी (१२:४१)

वाळवीताई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या लायकीचा आहे.

आणि ड्रोन परत येतो! इमारत पूर्ण व्हायच्या आत रद्द केली तर कोष फुटून ड्रोन बाहेर, वर पाऊण पैसे परत. पूर्ण झाली की मात्र नाही.

यावर आमची एक जुनी लबाडी आहे. किती डोकी ठेवता येतील ते ओव्हरलॉर्ड नावाच्या किड्यांवर ठरतं; त्या हिशोबाने सुरुवातीला नऊचीच मर्यादा असते आणि नऊ ड्रोन भरलेले असतात. दहावा काढता येत नाही. मग एक ड्रोन गॅसच्या विवरावर बसवून एक्स्ट्रॅक्टर सुरू करायचा. तो 'इमारत' झाला, म्हणजे डोकी आठ. लगेच अळीतून नवा ड्रोन लावायचा. डोकी नऊ. आणि आता एक्स्ट्रॅक्टर रद्द! जुना ड्रोन परत. डोकी दहा, मर्यादा नऊ. पाव रक्कम बुडते, पण एक ड्रोन आगाऊ मिळतो. रेशनकार्डावर नाव कमी करून परत चढवल्यासारखं.

घाटमाथा (१:१५)

बघा, चोरी स्वतःच्या तोंडाने कबूल.

लिमलेट (१:२२)

आमच्याकडेही चालतं हे. पण लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीत) वर गेलं की फारसं कोणी करत नाही म्हणतात. मी करते.

घाटमाथा (रात्री १०:३०)

दिवसभर विचार केला. (ऑफिसात दुसरं काम नव्हतं.) मूळ प्रश्नाचं उत्तर असं की झर्ग जिंकतो कारण टेरनला माहीत नसतं की तो ड्रोन काढतोय की बोटुकल्या. माझ्या बराकी मोजल्या की मी काय करणार ते कळतं. तुझी हॅचरी बाहेरून सारखीच दिसते. आत कोषात काय आहे हे फुटेपर्यंत गुलदस्त्यात. मग मी भिऊन बंकर लावतो, आणि तू तिकडे निवांत पाच ड्रोन काढून बसलेला असतोस.

याच्या उलटही होतं. भीती तुम्हाला बसली की तुमचं नुकसान आमच्यापेक्षा जास्त. मी बंकर लावला आणि कोणी आलंच नाही, तर आतले शिपाई बाहेर काढून हल्ल्याला पाठवतो. तू सनकन लावलास तर ड्रोनचे ५०, क्रीप कॉलनीचे ७५, वर ५०, असे १७५ मिनरल जमिनीत रुतले. कोणी आलं नाही तरी रुतले ते रुतले.

आठवतंय का २००४? कोरियातली ती उपांत्य फेरी. बॉक्सर, म्हणजे इम यो-ह्वान, टेरन. समोर यलो, होंग जिन-हो, झर्ग. यलोने पैसे कमवायला लवकर दुसरी हॅचरी टाकली आणि बॉक्सरने तिच्या दाराशी बंकर ठोकला, शिपायांबरोबर खाणीतले कामगारही लढायला आणले. एक गेम गेला. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच! तीन-शून्य. लोकांनी जेवणाची ताटं हातात घेतली असतील नसतील तोवर संपलं. हॅचरी हळूहळू फुगते आणि तोवर तिचं रक्षण करणारं कोणी नसतं, हे तुमच्या जिवंत इमारतीचं मर्म.

रात्रपाळी (१०:५८)

त्याच वर्षी पार्क सुंग-जूनने ओएसएल ही कोरियातली मोठी स्टारक्राफ्ट स्पर्धा जिंकली होती. ती स्पर्धा जिंकणारा पहिला झर्ग. ते नाही सांगणार तू.

सनकनचं मान्य. माझ्या वहीत एका पानावर फक्त एवढंच लिहिलंय: 'उगाच सनकन लावायचा नाही'. शाळेत शिक्षा म्हणून लिहायचो तसं पाच वेळा.

पण एक राहिलं. झर्गच्या इमारती भिंतीसारख्या लावता येतात. प्रोटॉसचे झीलट (सैनिक) येणार असतील तर हॅचरी आणि इव्होल्यूशन चेंबर अशा बेताने ठेवायचे, की मधल्या फटीतून एकावेळी एकच झीलट शिरेल आणि समोर सनकन. इव्होल्यूशन चेंबर ७५ मिनरलचा. लोक म्हणतात तो अपग्रेडसाठी असतो. मी तो आडोसा म्हणून जास्त वापरला आहे. म्हणजे माझ्या ड्रोनचं शेवटी विटेत रूपांतर झालं.

घाटमाथा (११:०४)

बोलून काय होणार. रविवारी रात्री ये. मी टेरन, तू तुझं कीटक प्रदर्शन.

अर्धा_चहा (११:०५)

काडी पडली. पॉपकॉर्न आणतो.

काकूंचा_माऊस (सोमवार, सकाळी ७:३०)

काय झालं हो काल? मुलगा विचारतोय.

घाटमाथा (७:५१)

अजून चालू आहे असं म्हणायचं की संपलं, तेच ठरत नाहीये.

रात्रपाळी (८:१५)

सांगतो.

चाळिसाव्या मिनिटाला आम्ही दोघांनी एकमेकांची घरं उठवायला घेतली. त्याचं सैन्य माझ्याकडे, माझं त्याच्याकडे. त्याचे सगळे कामगार मेले, मिनरल संपले, एक बराक उरली, आणि ती त्याने उडवली. टेरनच्या इमारती उडतात हे सांगायचं राहिलंच. ती नकाशाच्या कोपऱ्यात काळ्या पोकळीवर जाऊन तरंगत बसली. माझ्याकडे तिथवर पोचेल असं काही नाही, उडणारे किडे देणारी इमारत, स्पायर, आधीच गेली होती.

इकडे त्याच्या शेवटच्या चार शिपायांनी माझी शेवटची हॅचरी धरली. या खेळात एकही इमारत उरली नाही की हरलात. माझ्याकडे एक ड्रोन आणि ३९० मिनरल. मी त्यातल्या पन्नासात उरलेल्या एका अळीतून झर्गलिंगची जोडी काढली, शिपाई अडवायला. आणि ड्रोन दुसऱ्या कोपऱ्यात पळवून त्याची हॅचरी सुरू केली. झर्गलिंगांनी काम केलं, चारही शिपाई मारले आणि स्वतःही मेले. जखमी हॅचरी मात्र तेवढ्यात पडली होती. नवी फुगत होती.

लिमलेट (८:२२)

एक्स्ट्रॅक्टर का नाही टाकलात? पन्नासात जीव वाचला असता!

रात्रपाळी (८:२४)

मग अळी कुठून आणू?

लिमलेट (८:२५)

हं.

रात्रपाळी (८:३३)

तर हॅचरी पूर्ण झाली. छान वरखाली व्हायला लागली. पहिली अळी आली. ड्रोनवर क्लिक केलं. "पुरेसे मिनरल नाहीत."

३९० वजा ५० वजा ३००. चाळीस.

वाळवी (८:३६)

मध्येच रद्द करायचं ना! ड्रोन परत आला असता, पाऊण पैसेही. तुम्हीच सांगितलंत.

रात्रपाळी (८:३८)

तीच एकमेव इमारत होती. रद्द केली असती तर त्याच क्षणी हरलो असतो.

अर्धा_चहा (८:४०)

म्हणजे आत्ता?

घाटमाथा (८:४१)

माझी बराक हवेत. शून्य मिनरल. त्याची हॅचरी जमिनीवर. चाळीस मिनरल. दोघेही झोपलो नाही.

काकूंचा_माऊस (८:४४)

मुलगा म्हणतो अळ्या तीन झाल्या असतील एव्हाना.

रात्रपाळी (८:४५)

तीन. बघत बसल्यात माझ्याकडे.